चक्कीवाल्याचं बिनपिठाचं घर

आम्ही अंजनगाव सोडलं त्या दिवशी बाबा पहाटेच आंघोळ करून बसले होते. धुतलेला पांढरा सदरा, केसांना तेल, नखं कापलेली. जाताना नातीला एकदा उचलून घ्यायचं होतं त्यांना. टेम्पोत सामान चढेपर्यंत चक्की चालू करायची नाही, असं त्यांनी स्वतःच ठरवलं होतं. पण तेवढ्यात एक बाई बारशाचं दळण घेऊन आली. पाहुणे घरी येऊन बसलेत म्हणाली, आणि बाबांचा हात आपोआप बटणाकडे गेला. दळण घेऊन आलेल्या माणसाला त्यांनी आयुष्यात कधी परत पाठवलं नव्हतं. आम्ही पोरीला घेऊन बाहेर आलो तेव्हा त्यांच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. कानावरच्या केसांवर, सदऱ्यावर आणि त्या झुबकेदार मिशीवर कणीक बसली होती. गव्हाच्या पिठाला आम्ही कणीकच म्हणतो.

ते मुकाट्यानं रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभे राहिले. पूर्वा, माझी लेक, तेव्हा पाच वर्षांची होती. टेम्पोच्या पुढच्या सीटवरून ती हाका मारत होती, आबाजी इकडे या, आबाजी इकडे या. ते आले नाहीत. "जा माय, जा. मी अंगभर कणीक हावो," एवढंच म्हणाले आणि तिथूनच हात केला. टेम्पो हलला. चक्कीचा पट्टा फटफट वाजत होता, तो आवाज मला स्टँडच्या वळणापर्यंत ऐकू येत होता.

तुम्ही अंजनगावातली मंडळी फोनवर अजून विचारता, की गजू, एवढी चालती चक्की सोडून तू काहून गेला बापा? बायकोनं ओढून नेलं, असंही कोणी कोणी म्हणतं, ते माझ्या कानावर येतं. तर ऐका एकदा नीट. पूर्वाला गहू चालत नाही. आवडत नाही असं नाही, चालतच नाही. वरचं खाऊ लागल्यापासून तिचं पोट फुगायचं, जुलाब व्हायचे, हातपाय काड्यांसारखे. आम्ही दृष्ट काढली, जंताचं औषध दिलं, दूध बदललं. शेवटी अमरावतीच्या पोटाच्या डॉक्टरांनी रक्त तपासून, दुर्बीण घालून सांगितलं, की हिला सिलिॲक आहे, गव्हाचा कणही पोटात गेला तरी आतडं सोलून निघतं. हे आयुष्यभराचं आहे. मग त्यांनी विचारलं, घरी काय व्यवसाय? मी सांगितलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

आमचं घर तुम्हाला माहीत आहे. पुढे चक्की, मागे आम्ही, मध्ये एक दार. हवेतच कणीक. बाबांना आधी हे पटलंच नाही. "गव्हानं कोनाचं पोट बिघडते का? आपुन तर गव्हावरच जगलो," म्हणायचे. पण पोरीचं रडणं त्यांना बघवत नव्हतं. मग त्यांनी मधलं दार विटांनी बुजवलं. खिडक्यांना ओल्या चादरी बांधल्या. पूर्वाची ज्वारी वेगळी दळायची म्हणून आधी दहा किलो ज्वारी नुसतीच फिरवायचे, दगड साफ करायला. चक्कीवर आलेला माणूस आधी विचारतो ना, गहू चालू आहे का ज्वारी? कारण आधीच्या दळणाचं थोडं पुढच्या दळणात येतंच, आणि सगळ्या गावाला ते चालतं. माझ्या लेकीला चालत नव्हतं. वर्षभर आम्ही हे करून पाहिलं. तिचं वजन वाढेना. मग वैशालीनं, माझ्या बायकोनं, अकोल्याच्या एका शाळेत नोकरी शोधली आणि मला सांगितलं की मी पोरीला घेऊन जाते, तुम्ही यायचं का नाही ते तुम्ही ठरवा. मी काय ठरवणार होतो?

लोकं अमेरिकेत जातात आणि दोन वर्षांनी आरामात घरी येतात. मी अकोल्यात आलो. अंजनगावहून अकोटमार्गे एसटीनं तीन तास, आणि मला घरी जाता येत नाही. म्हणजे मी एकटा जातो, जात होतो. पण परत आलो की चप्पल बाहेर, कपडे बाहेरच्या बादलीत, डोक्यावरून आंघोळ, आणि मगच पोरीजवळ. एवढं करूनही वैशाली माझी नखं बघायची. आपल्याच बापाला भेटून आल्यावर असं चोरासारखं उभं राहायचं. मग महिन्याचं दोन महिन्यांवर गेलं. बाबांना किती वेळा म्हटलं, तुम्ही या. तर एकच उत्तर: "माह्या अंगातच कणीक हाय रे गजू. धुवून जात नाई ते." माझी इच्छा काही मोठी नव्हती. पूर्वानं एकदा तिच्या आबाजीच्या मांडीवर बसून जेवावं, एवढीच. तेवढंही जमत नव्हतं.

जठारपेठेत दोन खोल्या घेतल्या. स्वयंपाकघराची खिडकी उघडली की शेजारच्या इमारतीची भिंत. हात बाहेर काढला तर भिंतीला लागतो. सकाळी चक्की उघडायच्या वेळेला मला आपोआप जाग यायची आणि मी त्या भिंतीकडे बघत बसायचो. करायला काहीच नाही. दळण सोडून मला येतं काय? बायको शाळेत, पोरगी शाळेत, आणि चाळिशीचा बाप्या घरात भांडी घासतोय.

ज्वारीच्या भाकरीवर भागलं असतं, असं तुम्हाला वाटेल. आम्हालाही वाटलं होतं. छोटी घरघंटी घेऊ, ज्वारी घरीच दळू. पण तोवर पोरीच्या मनात भलतंच बसलं होतं. परातीत पांढरं पीठ दिसलं की ती उठून दुसऱ्या खोलीत जायची. ज्वारीचं असो, तांदळाचं असो. समजावलं, रागावलो, मीच तिच्यासमोर बसून भाकर खाल्ली. नाही म्हणजे नाही. पिठानं पोट दुखतं, हे तिला आम्हीच शिकवलं होतं ना, आता कोणत्या तोंडानं उलटं शिकवणार? शेवटी वैशाली म्हणाली, घरात पीठच नको. डबे रिकामे केले, पोळपाट-लाटणं कोणाला देऊन टाकलं. बाजारच्या हिंगातही कणीक असते म्हणून हिंगाची डबीसुद्धा गेली. वरण-भात, भाजी, अंडी, फळं. तीन पिढ्यांच्या चक्कीवाल्याच्या घरात चिमूटभर पीठ नाही. मला तर कोणी कपडे काढून घेतल्यासारखं वाटलं.

पिझ्झ्याचं खूळ मग आलं. पूर्वाच्या वर्गातल्या मुलीचा वाढदिवस होता. ही आपला वरण-भाताचा डबा घेऊन गेली. घरी येऊन रडली नाही, काही नाही. फक्त म्हणाली, बाबा, पिझ्झा ओढला की त्याची तार होते, लांब. आणि बोटांनी हवेत ती तार ओढून दाखवली. मला ते बघवलं नाही. मी मोबाईल घेऊन बसलो आणि बिनपिठाचा पिझ्झा शोधला. तर लेका, लोकं खरंच फुलकोबीचा करतात!

पहिला पिझ्झा म्हणजे नुसता लगदा. दुसरा खालून जळला, मध्ये कच्चा. तिसरा उलथन्यानं उचलला तर त्याचे चार तुकडे झाले. फुलकोबी वरून कोरडी दिसते, पण पोटात पाणी भरलेलं असतं, आणि ते काढल्याशिवाय काही खरं नाही. किसायची, मीठ घालून थोडी वाफवायची, गार करायची आणि फडक्यात बांधून पिळायची. मनगटं दुखेपर्यंत पिळायची. मग त्यात जवसाची पूड, घरच्या मिक्सरवरची, कुस्करलेलं पनीर, जिरं, एखादं अंडं. ट्रेमध्ये हातानं पातळ थापायचं. आधी नुसताच बेस भाजायचा, कडा लाल होईपर्यंत, आणि मग त्यावर टमाट्या-लसणाची चटणी, चीज, सांभार म्हणजे आपली कोथिंबीर. पंधरा-वीस दिवसांनी एकदाचा तो बेस हातात उचलता आला. पूर्वानं तुकडा ओढला. तार झाली. "बाबा, झाली!" म्हणून ती घरभर तो तुकडा घेऊन फिरली, आणि मी ओट्याला टेकून रडलो, सांगायला लाज कशाची.

वैशालीनं फोटो स्टेटसला टाकला आणि तिथून माझ्या मागे हे लागलं. जिममधली पोरं, शुगरवाले काका, डाएटवाल्या बाया. ज्यांना चांगला गहू पचतो अशी धडधाकट माणसं मला विचारतात, दादा, यात कार्ब्स किती? मनात येतं, म्हणावं, पोळी खा ना लेकहो गुपचूप, देवानं पोट दिलं आहे. पण ऑर्डर घेतो. उन्हाळ्यात फुलकोबी धड मिळत नाही, तेव्हा कोहळ्याचा आणि दुधीचा बेस करतो, दुधी तर पिळून पिळून जीव घेते. आणि उन्हाळा अकोल्याचा! बाहेर अंगार, आत ओव्हन, समोर ती भिंत, आणि कूलर लावला तर ओव्हनचं दार उघडताक्षणी बेस गार पडतो. चक्कीत निदान चार माणसं यायची, गावगप्पा व्हायच्या. इथे मोबाईल टिणटिण करतो आणि मी फुलकोबी पिळतो. धंदा बसला की आणखीच अडकलो. रविवारी ऑर्डर जास्त, म्हणजे सुटीच्या दिवशीही अंजनगाव नाही.

आता जे सांगतो ते मी बाबा सोडून गावात कोणालाच सांगितलेलं नाही. माझ्याच हातून ते झालं.

दुकानातली फडकी पिळताना फाटत होती. दर आठवड्याला नवं. गेल्या थंडीत मी अंजनगावला गेलो तेव्हा चक्कीमागच्या दोरीवर एक कापड वाळत होतं. चक्कीच्या तोंडाला कापडी बाही बांधतात, पीठ उडू नये म्हणून, डब्यात सरळ पडावं म्हणून. तीच. जाड मांजरपाट, वर्षानुवर्षं धुऊन धुऊन लोण्यासारखं मऊ झालेलं, दुहेरी शिवणीचं. बाबांनी नवी बाही शिवली होती, ही काढून ठेवलेली. मी लहान असताना उन्हात दमून आलो की त्याच कापडात तोंड पुसायचो. मी ती दोरीवरून काढली आणि पिशवीत टाकली. बाबांना सांगितलंसुद्धा नाही. अकोल्यात येऊन उकळत्या पाण्यात दोनदा धुतली, कडक उन्हात वाळवली. आणि खरं सांगतो, ते कापड घाणेरडं असू शकतं, असं माझ्या मनातही आलं नाही. चक्कीवाल्याच्या पोराला त्याहून स्वच्छ कापड जगात माहीत नसतं. वैशालीला म्हटलं, नवीन फडकं आणलं.

पिळायला काय सुरेख होती ती बाही! एका पिळ्यात सगळं पाणी बाहेर.

तीन आठवड्यांत पूर्वा पुन्हा आडवी झाली. पोट फुगलेलं, जिना चढवेना, शाळा बंद. वैशालीनं घर उलटंपालटं केलं. मसाल्याची पाकिटं फेकली, शाळेतल्या बाईंशी भांडली, नवा मिक्सर आणला. अमरावतीच्या डॉक्टरांनी विचारलं, घरात नवीन काय आलं? वैशाली आठवून आठवून सांगत होती. मी गप्प होतो, कारण तोवर मला खरंच काही सुचलं नव्हतं. परतीच्या एसटीत पूर्वा माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती, आणि तिच्या अंगावर पांघरायला वैशालीनं पिशवीतून चादर काढली, दुहेरी शिवणीची. मी ती शिवण बघितली आणि मला चक्कीची बाही आठवली.

घरी येऊन मी बाहीची शिवण ब्लेडनं उसवली. आत, दोन घड्यांच्या मधे, कणीक. धुऊन-उकळून चिकट होऊन वाळलेली, बारीक बारीक गोळ्यांसारखी. किती वर्षांची कोण जाणे. मी तसाच ओट्यापाशी उभा राहिलो आणि वैशालीला हाक मारली. तिनं बघितलं. मला वाटलं, आता ही आकाशपाताळ एक करणार. ती खुर्चीत बसली आणि म्हणाली, "तुमच्या हातून घर सुटत नाही हो." एवढंच. त्यापेक्षा तिनं मला दोन ठेवून दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी बाबांना फोन केला. का केला माहीत नाही, कोणाला तरी सांगायचं होतं. मागे चक्की चालू होती, दोघंही ओरडून बोलत होतो. मी बाहीचं सांगितलं, शिवणीचं सांगितलं, पूर्वाचं सांगितलं. तिकडे पट्ट्याचा आवाज हळूहळू कमी होत थांबला. दिवसाढवळ्या, दळणं रांगेत असताना त्यांनी बटण बंद केलं होतं. मला वाटलं, काही बोलतील. "बरं," म्हणाले आणि फोन ठेवला. त्यानंतर महिनाभर त्यांचा फोन नाही. मी केला की 'गिऱ्हाईक हाय' म्हणून ठेवायचे. चोरी मी केली होती आणि मान ते खाली घालून बसले होते. तो महिना मी कसा काढला, माझं मला माहीत. पूर्वा हळूहळू सावरत होती आणि मला तिच्या डोळ्याला डोळा देता येत नव्हता.

एका सोमवारी सकाळी दार वाजलं. उघडलं तर बाबा. क्षणभर मी त्यांना ओळखलंच नाही. मिशी नव्हती. डोकं बारीक कापलेलं, आणि त्या जाड मिशीच्या जागी नुसती पांढरीफटक कातडी. तुम्हाला माहीत आहे, आपल्याकडे घरातलं कोणी गेलं तरच माणूस मिशी उतरवतो. माझे आजोबा गेले, तेव्हा तेवढी बाबांची मिशी उतरली होती.

"कोन गेलं?" मी विचारलं.

"कोनी नाई गेलं," बाबा म्हणाले. "मिशीत कणीक रायते. पोरीचा मुका घ्याचा होता."

ते उंबऱ्याच्या बाहेरच उभे होते. चार दिवस चक्की बंद ठेवली होती, म्हणाले. अकोटला नवे कपडे घेतले आणि तिथेच पाहुण्यांकडे आंघोळ करून ते घातले. सदऱ्यावर दुकानातल्या घड्या तशाच होत्या. आणि आपल्या सख्ख्या पोराच्या दारात त्यांनी विचारलं, "येऊ का आत?"

वैशाली पदर सावरून पाया पडली आणि तिनं पाट मांडला. मी फुलकोबी किसत होतो, ते माझ्या बाजूला येऊन उभे राहिले. थोडा वेळ बघितलं. मग ताटातला कीस उचलून अंगठ्यानं आणि बोटानं चिमटीत चोळून पाहिला, जसं डब्यात पडणारं पीठ बघतात. डोळे बारीक करून. "जाडं हाय," म्हणाले. "अजून एक हात बारीक पायजे. म्हनून तुटते तुहं." मी बारीक किसला. पिळायला फडकं त्यांनी घेतलं. त्या हातांत केवढी ताकद आहे अजून! बेस असा निघाला की तसा माझ्याकडून कधी निघाला नव्हता.

पूर्वा आधी लांबूनच बघत होती. मग जवळ आली, त्यांचे हात हातात घेऊन उलटेसुलटे करून पाहिले, नखं पाहिली, आईसारखीच. तिला कोणी सांगितलं नव्हतं. बाबांनी हात तसेच पुढे धरून ठेवले. मग ती मांडीवर बसली आणि जेवली. मध्येच त्यांच्या ओठावर बोट फिरवून म्हणाली, "आबाजी, तुमी आता बाबासारखे दिसून राहिले." त्यांनी तिचा मुका घेतला. एकदाच, कपाळावर, घाईघाईनं, आणि लगेच तोंड बाजूला केलं.

संध्याकाळच्या गाडीला मी सोडायला गेलो. गाडी लागली तेव्हा त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा ओठापर्यंत ओढून घेतला, गावात लोकं विचारतील म्हणून असेल. म्हणाले, "गजू, तू नको येत जाऊ आता. आला का काई ना काई घेऊन जाते तू. मीच येत जाईन."

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो? आणि गाडी गेल्यावर माझ्या लक्षात आलं, की इतकी वर्षं मी त्या भिंतीसमोर उभा राहून दिवस काढले ते एका भरवशावर, की पोरगी मोठी होईल, काहीतरी सोय होईल आणि मी परत जाईन. चक्कीचं बटण पुन्हा माझ्या हाताखाली येईल. बाबांनीही ती विकली नव्हती ती त्याच आशेवर. ती आशा त्यांनी त्या दिवशी मिशीबरोबर उतरवून ठेवली, आणि माझीही बरोबरच नेली. मला त्यांचा राग आला. खूप राग आला, आणि मी स्टँडवरच त्या लोखंडी बाकावर बराच वेळ बसून राहिलो.

आणि गावाबाहेर गेलेले तुम्ही सगळे सणासुदीला घराकडे निघता, फोटो टाकता. खुशाल जा. माझं घर पंधरा दिवसांतून एकदा अकोटवरून येतं. नवा सदरा घालून, ओठावर ब्लेडचे काप घेऊन, कारण त्या वयात रोज मिशी काढायचा हात बसत नाही. पूर्वा दार उघडते. ते बाहेरच थांबतात, दोन्ही हात पुढे करतात आणि विचारतात, "येऊ का आत?" ती नीट तपासते, आणि मग बाजूला सरकते.